साडेतीन वर्षांच्या मुलाला आठवड्याला तीस तास एबीए सांगितलंय. सुरू करावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा साडेतीन वर्षांचा, ऑटिझमचं निदान नुकतंच झालंय, अजून शब्द नाहीत. सिंहगड रोडवरच्या एका सेंटरने आठवड्याला तीस तास एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, मी पुढे जिला वर्तनपद्धती म्हणते ती) सांगितलंय आणि 'हीच वेळ आहे, पाचनंतर काही उपयोग नाही' अशी भीतीही घातली आहे. रात्री मोबाइलवर वाचायला घेतलं की मोठे झालेले ऑटिस्टिक लोक लिहिताना दिसतात, आमच्यावर हे केलं गेलं आणि तो छळ होता. मग ऐकायचं कोणाचं?

मी पुण्यात बरीच वर्षं स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करते. वर्तनपद्धती शिकले आहे, रोज वापरते. तिच्यातल्या काही गोष्टी मात्र मी कुठल्याही मुलावर करत नाही. उत्तर आधी देते. तीस तास घेऊ नका. आणि 'एबीए' ही पाटी बघून हो किंवा नाही ठरवू नका. सेशनला आत बसा आणि एकच गोष्ट बघा: मूल 'नको' म्हणतं, हाताने, पाठ फिरवून, रडून, कसंही, तेव्हा त्या 'नको'चं पुढे काय होतं.

आता हे का म्हणते ते सांगते, जरा लांबेल.

वर्तनपद्धतीचा गाभा अवघड नाही. मूल जे करतं त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं, आणि केल्यावर त्याला काहीतरी मिळतं किंवा काहीतरी टळतं. आम्ही वहीत तीन रकाने आखतो: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. एका प्लेग्रुपमधला चार वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलांचे केस ओढायचा. ओढले की ताई त्याला उचलून व्हरांड्यात नेऊन बसवायच्या, शिक्षा म्हणून. वही भरत गेली तसं दिसायला लागलं की हे नेमकं गाण्याच्या तासाला होतंय, स्पीकर आणि टाळ्या सुरू झाल्या की. आणि व्हरांड्यात बसवलं की गडी दोन मिनिटांत शांत. ज्याला आपण शिक्षा समजत होतो तेच त्याला हवं होतं, आणि ते मिळवायचा त्याला ठाऊक असलेला मार्ग तेवढा एकच होता.

आम्ही दाराचं चित्र असलेलं एक कार्ड केलं. गाणं सुरू व्हायच्या बेतात मावशी ते त्याच्या हाताजवळ सरकवायच्या. त्याने उचलून ताईंना दिलं की ताई 'बाहेर जायचंय? चल' म्हणून लगेच दार उघडायच्या. दर वेळी, न चुकता. ताईंना धास्ती होती की हा आता दिवसभर कार्डच देत बसेल. पहिले काही दिवस अगदी तसंच झालं. मग त्याची खात्री पटली की मागितलं की मिळतं, आणि कार्ड देणं आपोआप कमी झालं. केस ओढणं थांबलं, कारण त्याची गरजच उरली नाही. पुढे तो दाराजवळ बसून अर्धं गाणं ऐकायला लागला. हे काही माझं डोकं नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली हे दाखवून दिलं होतं: त्रासदायक वर्तन हा पुष्कळदा निरोप असतो, तोच निरोप द्यायचा सोपा मार्ग शिकवला की ते वर्तन ओसरतं.

हेही एबीएच आहे. म्हणून 'एबीए म्हणजे छळच' हे सरसकट विधान मला मान्य नाही.

पण राग कुठून आलाय तेही समजून घ्या, तो उगाच नाही. ओले इव्हार लोवास हे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. 1960च्या दशकात त्यांनी काम सुरू केलं तेव्हा अशी मुलं मोठमोठ्या संस्थांमध्ये ठेवून दिली जायची, आणि आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं असं डॉक्टरच सांगायचे. 'ही मुलं शिकू शकतात' हे ठासून सांगणं त्या काळात मोठी गोष्ट होती आणि त्याचं श्रेय लोवासना आहे. पण मुलावर जोरात ओरडणं, चापट मारणं, सुरुवातीच्या काळात तर विजेचे झटके देणं, हेही त्यांच्या पद्धतीत होतं. 1987 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भरगच्च शिकवलेल्या गटात, चार वर्षांच्या आतली 19 मुलं होती. त्यांना आठवड्याला 40 तास, दोन किंवा जास्त वर्षं शिकवलं, आणि त्यातली 9 मुलं सर्वसाधारण बुद्ध्यांकासह नेहमीच्या शाळेतून पहिली पास झाली. तुमच्या सेंटरचे तीस तास आणि 'निम्मी मुलं नॉर्मल होतात' ही जाहिरातबाजी, दोन्हींचं मूळ इथे आहे. ज्या गोष्टी सांगत नाहीत त्या अशा: कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं नव्हतं, थेरपिस्ट उपलब्ध आहेत का यावर ठरलं होतं. आणि त्या मुलांनाही 'नाही!' म्हणून ओरडणं आणि मांडीवर चापट हे होतंच.

झटके देणं तिथेही संपलं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये अंगावर यंत्र बांधून झटके देण्याची पद्धत या शतकातही चालू राहिली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2020 साली त्या यंत्रावर बंदी घातली, ती 2021 साली कोर्टात टिकली नाही. तिथले ऑटिस्टिक लोक एबीए या शब्दानेच का पेटतात हे एवढ्यावरून लक्षात येईल.

पुण्यात झटके कोणी देत नाही. इथला आक्षेप अधिक साध्या, रोजच्या गोष्टींवर आहे, आणि मला वाटतं तुमच्या कामाचा भाग हाच आहे.

एक मुलगा माझ्याकडे आला तो दुसरीकडे वर्षभर 'माझ्याकडे बघ' शिकून आला होता. समोर बसायचं, थेरपिस्ट म्हणणार 'लुक अ‍ॅट मी', त्याने डोळ्यांत बघायचं, की बिस्किटाचा तुकडा. फाइलमध्ये शंभर टक्के यश लिहिलेलं. घरी काय व्हायचं? कोणी पाहुणा आला, रिक्षावाले काका आले, की हा त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहायचा, डोळ्यांत बघायचा आणि तोंड उघडायचा. आईला रडू यायचं. त्याला माणसाकडे बघणं शिकवलंच गेलं नव्हतं. बिस्किट मिळवायची एक कृती शिकवली होती, ती तो इमानेइतबारे करत होता. पुष्कळ ऑटिस्टिक माणसं सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. मग हे उद्दिष्ट मुलाच्या कामाचं की बघणाऱ्यांच्या समाधानाचं?

हात फडफडवण्याचंही तेच. तुमचा मुलगा आनंदाने हात हलवत असेल, गिरक्या घेत असेल तर त्यात कोणाचं काय जातं? ती त्याची स्वतःला सावरायची रीत आहे. 'हात खाली' असं उद्दिष्ट फाइलमध्ये दिसलं तर विचारा, का? स्वतःला इजा होत असेल, मूल हात चावत असेल, भिंतीवर डोकं आपटत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तातडीने काम करावंच लागतं. 'लोक बघतात' हे कारण मात्र पुरेसं नाही.

ऑटिस्टिक लोकांनी हे सांगायला सुरुवात केली त्यालाही बराच काळ झाला. 1993 साली जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून लिहिलं की ऑटिझम हे तुमच्या मुलाभोवतीचं कवच नाही, ज्याच्या आत कोणी 'नॉर्मल' मूल अडकलंय. मूल आहे ते असंच आहे. कॅनडातल्या मिशेल डॉसन या स्वतः ऑटिस्टिक, आणि संशोधक. त्यांनी 2004 साली या उपचारांच्या नैतिकतेवर सविस्तर टीका केली. इंग्लंडचे डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे अर्धंच खरं, इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं तितकंच कळत नाही. माझ्या कामात या एका विचाराने फार फरक पडला. मूल आपल्याकडे यावं म्हणून आपण किती धडपडतो, आणि आपण त्याच्याकडे जायला किती थोडं करतो!

पालकांच्या गटांवर याला एक ठरलेलं उत्तर येतं: 'हे लोक लिहू-बोलू शकतात, आमच्या मुलाला काय त्रास आहे ते त्यांना काय माहीत?' त्या थकव्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. ज्या आईची मुलगी स्वतःला रक्त येईपर्यंत चावत होती आणि वर्तनपद्धतीने ते थांबलं, तिचा अनुभवही खोटा नाही. पण या टीकाकारांपैकी काहीजण लहानपणी बोलत नव्हते, काही आजही टाइप करूनच बोलतात. आणि बंद खोलीत, आवडती गाडी हातातून काढून घेऊन, 'आधी हे कर मग मिळेल' असं दिवसभर ऐकणाऱ्या मुलाला कसं वाटतं हे त्यातून गेलेल्या माणसाइतकं कोण सांगणार?

एक गोष्ट मी प्रत्येक पालकांना सांगते, ऐकायला कठीण आहे. मोठं माणूस सांगेल ते करायचंच, 'नको' चालत नाही, हे ज्या मुलाच्या अंगवळणी पाडलं, ते मूल उद्या स्कूलबसमध्ये किंवा बाथरूममध्ये कोणी नको तिथे हात लावला तर काय करेल? अपंग मुलांवर अत्याचाराचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो. न बोलणाऱ्या मुलाला 'नको' शिकवणं हे रंग आणि आकडे शिकवण्याच्या कितीतरी आधी यायला हवं.

आता तासांबद्दल. कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. इतक्या लहान वयातल्या भरगच्च एबीएचा तिचा 2018 सालचा आढावा बघितला तर त्यात निकषांत बसणारे जेमतेम 5 अभ्यास सापडले, 219 मुलांचे. निष्कर्ष असा की काही फायदा दिसतो, पण पुरावा कच्चा आहे. 2024 साली अमेरिकेतल्या एका बालरोग नियतकालिकात शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं, आणि तास वाढवले की फायदा वाढतो असं काही दिसलं नाही. दुष्परिणामांचं म्हणाल तर बहुतेक अभ्यासांनी त्यांची धड नोंदच ठेवलेली नाही. तीस तास म्हणजे पाच दिवस रोज सहा तास. साडेतीन वर्षांचं मूल! ते दुपारी झोपणार कधी, आजोबांबरोबर खाली झोपाळ्यावर जाणार कधी, पाण्यात हात घालून बसणार कधी? आणि 'पाचनंतर उपयोग नाही' हे तर साफ चूक. लवकर सुरुवात केलेली चांगली, पण पाचव्या वाढदिवसाला कुठलं शटर खाली येत नाही. माझ्याकडे नऊ-दहाव्या वर्षी मागायला शिकलेली मुलं आहेत.

वर्तनपद्धतीही बदलली आहे, हे टीकाकारांच्या लिखाणात कधी कधी सुटतं. टेबलाशी बसवून एकेक आज्ञा घोकून घेण्याऐवजी खेळात, अंघोळीत, जेवताना शिकवण्याच्या पद्धती आता रुळल्या आहेत. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांचं डेन्व्हर मॉडेल त्यातलंच. मुलाला बॉल हवा असेल तर 'बॉल' म्हटल्यावर बॉलच मिळतो, बिस्किट नाही. मूल ज्यात रमलंय तिथे आपण जायचं. आणि आपल्याला सगळ्यात जवळचा अभ्यास गोव्यातला आहे. 2016 साली प्रसिद्ध झाला, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून 65 मुलं. स्पेशालिस्ट नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरी जायच्या, आई-वडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायच्या आणि तोच त्यांच्याबरोबर बसून बघायच्या: इथे बघा, त्याने तुमच्याकडे चमचा केला, तुम्ही काय केलंत? सहा महिन्यांत बारा भेटी. मुलं आपणहून संवाद सुरू करण्यात पुढे गेली. तीस तासांचं पॅकेज नाही, मोठी फी नाही. तुम्ही हे उद्यापासून करू शकता. मोबाइल डब्याला टेकवून ठेवा, दहा मिनिटं खेळा, रात्री दोघं मिळून बघा. तुम्हाला वाटत होतं त्यापेक्षा तो कितीतरी जास्त सांगत असतो.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्यात हे हमखास होतं म्हणून लिहिते. सेंटर सांगतं, 'घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो.' दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. झालेलं नुकसान मात्र मी डोळ्यांनी बघितलंय: आजी गप्प. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने नातवाशी बोलणंच सोडलं. घरात सगळ्यात जास्त वेळ आणि धीर असलेलं माणूस आपण अशा सल्ल्याने बाद करतो. घरी मराठीच बोला, सेंटरला सांगा तुम्हीही मराठीत 'दे', 'अजून', 'नको', 'झालं' वापरा. चित्रकार्डांना किंवा टॅबला घाबरू नका, त्याने बोलणं मागे पडत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात मराठी आहे.

सेंटरमध्ये गेलात की आत बसायला मागा. 'आई आत असली की मूल रडतं' हे उत्तर सगळीकडे मिळतं. पहिले काही दिवस खरंही असतं, कायमचं असू शकत नाही. आत बसूच देत नसतील तर तिथे जाऊ नका, दुसरं काही तपासायची गरज नाही. आत बसल्यावर बघा: त्याने ताट ढकललं तर थेरपिस्ट ताट पुन्हा तोंडापुढे आणते, की 'झालं? बरं, ठेवू' म्हणते? रडतोय म्हणून काम तसंच पुढे रेटलं जातंय का? हाताला धरून जबरदस्तीने करवून घेतायत का? खाऊ आणि खेळणी बरणीत बंद, आणि तो दिवसभर त्यासाठी काम करतोय, असं आहे का? ती हसते तेव्हा तोही कधी हसतो का? उद्दिष्टांचा कागद मागा. त्यात 'शांत बसणे', 'नजर मिळवणे', 'सूचना पाळणे' एवढंच असेल आणि 'मदत मागणे', 'नकार देणे', 'दुखतंय हे सांगणे' कुठेच नसेल, तर तो कागद तुमच्या मुलासाठी लिहिलेला नाही. शिकवणाऱ्याचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आठवड्याचा कोर्स करून 'एबीए थेरपिस्ट' अशी पाटी लावणारे खूप झालेत. आणि कोणी ऑटिझमवर स्टेम सेलच्या उपचारांचं नाव काढलं तर तिथून निघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी ते संशोधनाबाहेर देताच येत नाहीत.

तुमच्या जागी मी काय करेन? आठवड्याला सहा ते आठ तास, त्यात स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) धरून, तेही मुलाचा मूड बघत. बाकी घर. रोजच्या कामातलं एखादं निवडेन, समजा अंघोळीनंतर टॉवेल मागणं, आणि तेवढंच महिनाभर करेन.

गणपतीचं विशेष सांगते, कारण सिंहगड रोडला नदीपात्र जवळ आहे आणि ढोलपथकांचा सराव उत्सवाच्या कितीतरी आधी सुरू होतो. 'ऐकून ऐकून सवय होईल' असं म्हणून मुलाला ढोलापुढे उभं करणारे पालक आहेत, तसं करायला सांगणारे थेरपिस्टही आहेत. काही मुलांच्या कानाला तो आवाज खरंच सोसवत नाही, आणि पळायला वाव न देता उभं केलं तर भीती दुप्पट होते. हळूहळू ओळख करून देता येते, पण लगाम मुलाच्या हातात हवा. आधी मोबाइलवर बारीक आवाजात ढोल, बंद करायचं बटण त्याच्या बोटाखाली. मग खिडकी बंद करून, मग लांबून, कानाला जाड हेडफोन लावून. 'घरी' असं कार्ड खिशात. त्याने दिलं की आरती अर्धी राहिली तरी निघायचं. एक मुलगी अशी तीन वर्षांनी मांडवापर्यंत पोहोचली, मोदक घेतला आणि कार्ड दिलं. घरच्यांनी तिथल्या तिथे तिला घेऊन घरची वाट धरली, आणि त्या दिवशी ती रडली नाही.

पैशांचं थोडं. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, तिथे आयएसएए ही ऑटिझमची भारतीय मोजपट्टी वापरतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा कवच मिळू शकतं, त्यात थेरपीचा काही खर्चही येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात 75 हजारांची, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाखाची वजावट आहे. प्रमाणपत्र घेतलं की मुलावर शिक्का बसतो म्हणून बरेच जण टाळतात. टाळू नका, शाळाप्रवेशाच्या वेळी ते हातात लागतं.

सेंटरला अजून होकार कळवला नसेल तर आगाऊ फी भरू नका. सहा महिन्यांचे पैसे एकदम मागत असतील तर महिन्याचे देतो म्हणा. उद्दिष्टांचा कागद मिळाला की नाव-गाव झाकून इथे टाका. मी वाचून त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायला सांगायचं ते लिहीन.